मुलांच्या मनासाठी सर्कस? मग आखाडा कशाला आहे? (चर्चा)

दांडियाबाजारकर

बडोद्यातल्या आपल्या भागात एका मंडळासमोर प्रस्ताव आलाय. मे महिन्याच्या सुट्टीत १३ ते १७ वयाच्या मुलामुलींना सर्कशीतली कौशल्यं शिकवायची: तीन चेंडूंचं जगलिंग (आळीपाळीने हवेत फेकून झेलणं), काठीवर ताटली फिरवणं, छोटे मानवी मनोरे, जमिनीपासून फूटभर उंच दोरावर तोल. पाच आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, सकाळी साडेसहा ते आठ (त्यानंतर हॉलच्या पत्र्याखाली कोणी उभं राहू शकत नाही). १४ मुलं, दोन शिकवणारे. उद्देशाच्या रकान्यात लिहिलंय, "मानसिक आरोग्य आणि चिवटपणा".

मी बाजूने आहे. दहावी-बारावीच्या मुलांना सध्या चूक करायला जागाच उरलेली नाही. ट्यूशनमध्ये चूक झाली की मार्क जातात आणि मोबाइलवर झाली की स्क्रीनशॉट फिरतो. चेंडू पडला तर फक्त चेंडू पडतो. तो उचलायचा आणि परत फेकायचा. दीड तासात असं दीड-दोनशे वेळा होतं, तेही सगळ्यांसमोर. कल्पना परदेशी आहे म्हणून नाक मुरडू नका. कॅनडातल्या एका मोठ्या सर्कस कंपनीने १९९५ पासून रस्त्यावरच्या मुलांसाठी हेच काम चालवलंय. विरोधी मतं ऐकायची आहेत, पण कारणांसकट.

शंकासूर

पहिला आक्षेप त्या रकान्यावरच. सुट्टीचा चांगला वर्ग म्हणा, मी देणगी देतो. "मानसिक आरोग्य" लिहिलंत की पुरावा मागणार.

पुरावा म्हणून हमखास पुढे येतो तो २००४ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेला जगलिंगचा प्रयोग. त्यात खरं काय होतं ते पाहा. २४ तरुण, त्यातल्या १२ जणांनी तीन महिने तीन चेंडूंचा सराव केला. हलणारी वस्तू टिपणाऱ्या मेंदूच्या भागात करडं द्रव्य (ग्रे मॅटर) वाढलेलं दिसलं. सराव थांबवून तीन महिन्यांनी पाहिलं तर वाढ बरीचशी ओसरली होती. उदासी, भीती, झोप यांबद्दल त्यात अक्षर नाही. "जगलिंगने मेंदू वाढतो" असं फलकावर लिहायचं तर "सोडलं की परत आकसतो" हेही लिहा.

आणि असल्या वर्गांवरचे अभ्यास बहुतेक लहान गटांचे, तुलनेला दुसरा गट नसलेले. जी मुलं तिसऱ्या दिवशी गळतात ती शेवटचा फॉर्म भरायला येत नाहीत. उरलेली खूश असतात, म्हणून सरासरी छान येते.

एरंडेल

शंकासूर बरोबर बोलतायत, पण माझं भांडण वेगळं आहे. जुम्मादादा व्यायाममंदिर ज्या गावात आहे, राजरत्न माणिकरावांनी ज्या गावाला व्यायाम शिकवला, तिथे मुलांना तोल शिकवायला कॅनडाचा दाखला? विष्णुपंत छत्र्यांनी १८८० च्या सुमारास सर्कस उभी केली, ती घोड्याची विद्या ग्वाल्हेरात शिकून. ती सर्कस आपल्याच विद्येवर उभी राहिली म्हणा की. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांब राज्यखेळ केला. आपल्याकडे खांब उभे आहेत आणि मुलं कमी.

तुम्ही म्हणता तो चिवटपणा मल्लखांबात पायरीपायरीने येतो. पुरलेला खांब जमिनीवर साधारण साडेआठ फूट, तळाशी ५५ सेंमी घेर, वर निमुळता, मग मान, मग बोंड (टोकाचा गोळा). पहिल्या दिवशी कोणी बोंडावर जात नाही. आधी सलामी, मग उडी मारून नुसती मिठी, मग साधी अढी, म्हणजे पायांनी खांबाला घातलेली पकड. अढी सुटते कारण पोर हातांवर लटकतं आणि मांड्या सैल सोडतं. एरंडेल तेल लावलेल्या लाकडावर हाताचा जोर कामाचा नाही, मांडीची पकड लागते. हे पोराला स्वतःच्या कातड्यातून कळतं, भाषणातून नाही. दोरीच्या मल्लखांबावर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत दोर धरणं एवढंच पहिले कित्येक दिवस. तिथे तेल नसतं, त्यामुळे घसरलं की चटका बसतो. दोर सरकू द्यायचा नाही, पकड बदलत उतरायचं, हा धडा एकदाच पुरतो.

तीनचेंडू

एरंडेलकाका, मल्लखांबाला नमस्कार. पण हा वर्ग कोणासाठी आहे ते पाहा. पंधराव्या वर्षी, ६८ किलो वजनाचा, शाळेत पी.टी.च्या तासाला मागे लपणारा मुलगा. तुमच्या खांबावर त्याला पहिल्याच मिनिटाला काय कळेल? की शेजारचं आठ वर्षांचं पोर वर गेलं आणि आपण नाही. आखाड्यात लवकर आलेल्या, हलक्या अंगाच्या मुलाचं राज्य असतं. जगलिंगमध्ये वजन, उंची, वय काहीच मदत करत नाही. वर्गातला पहिला नंबर आणि शेवटचा नंबर दोघांचेही चेंडू पहिल्या दिवशी जमिनीवरच असतात.

आता नीट शिकवायचं कसं, कारण अर्धी निराशा चुकीच्या शिकवण्यामुळे येते.

पहिल्या दिवशी चेंडू नाहीतच. जुन्या नायलॉनच्या ओढणीचे हातभर चौकोन. ते सावकाश खाली येतात, हाताला विचार करायला वेळ मिळतो. दुसऱ्या दिवशी एक चेंडू: कोपर अंगालगत, फेक कमरेच्या उंचीवरून, कमान डोळ्यांच्या रेषेपर्यंत, दुसऱ्या हातात. मग दोन. ताल असा: फेक, फेक, झेल, झेल. पहिला चेंडू शिखरावर पोचला की दुसरा सुटायचा. इथे दहातली आठ मुलं दुसरा चेंडू फेकतच नाहीत, हळूच दुसऱ्या हातात सरकवतात. आईने ताटात पोळी सरकवावी तसा. ही सवय लागली की तिसरा चेंडू कधीच बसत नाही. उपाय म्हणजे सुरुवात मुद्दाम डाव्या हाताने करायला लावायची. तिसरा चेंडू आला की मुलं पुढे चालायला लागतात, कारण फेक अंगापासून दूर जाते. भिंतीसमोर दीड फुटावर उभं करा, आपोआप थांबतात. वाकून वाकून कंटाळली तर खाटेसमोर उभं करायचं.

मोजायचं काय? झेल. तीन झेल, मग सहा, मग दहा. "येतं / येत नाही" असं मोजलं की मुलगा हरतो. काल चार होते आज सात झाले, हे त्याला स्वतःला दिसतं.

चेंडू घरीच होतात. १४ मुलांना ४२, वर सहा जादा, म्हणजे ४८. एका चेंडूत सव्वाशे ग्रॅमच्या आसपास बाजरी धरली तर सहा किलो लागते. बाजरी आधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायची, वर मान कापलेले दोन फुगे, दुसऱ्याचं तोंड उलट बाजूला. मे महिन्याच्या उन्हात फुग्याचं रबर चिकट होतं, रोज हलकी टाल्कम पावडर लावून ठेवा. पावसाळ्यात बाजरीला किडे होतात, तेव्हा जूनमध्ये ते फोडून दाणे कबुतरांना. टेनिसचा चेंडू देऊ नका, तो पडला की उड्या मारत खोलीभर पळतो आणि मुलगा वर्गभर त्याच्यामागे. लाज तिथे वाटते, पडण्यात नाही.

पालक_वाडी

हे सगळं ठीक. पण हात मोडला तर? बारावीच्या वर्षात उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं तर चिवटपणा कोणाचा वाढणार, मुलाचा की आईचा?

मनोमार्ग

ताई, प्रश्न रास्त आहे. बारावीच्या मुलाला मनोरे वगळून बाकी सगळं करता येतं, आणि तशी मुभा फॉर्मवर लिहिलेली असावी. विमा मंडळाने काढावा. पण मला दुसऱ्या जखमांबद्दल लिहायचंय.

शंकासूरांशी मी अर्धी सहमत आहे. हा उपचार नव्हे. नैराश्य किंवा भीतीचा आजार असलेल्या मुलाला समुपदेशकाऐवजी इथे पाठवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. मात्र "काहीच होत नाही" हेही खरं नाही. बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलं की "मला हे जमेल" हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून पाहणं, आपल्यासारख्याला करताना पाहणं, कोणीतरी विश्वासाने सांगणं, आणि धडधडणाऱ्या छातीचा आपण लावलेला अर्थ. यात पहिली वाट सगळ्यांत पक्की. चार झेलांचे सात होणं ही पहिली वाट. शेजारच्या जाड्या मुलाचे सात होणं ही दुसरी.

वर्ग फुकट जातो तो इथे: दोरावर मुलगी थरथरली की सर धावत येऊन तिचा हात धरतात आणि पलीकडे पोचवतात. टाळ्या पडतात. ती शिकते एवढंच, की सर असले तर जमतं. त्यापेक्षा हात तिच्या हाताखाली, चार बोटं अंतरावर, न धरता. तिला लागला तर ती टेकवेल. पुढच्या फेरीला अंतर वाढवा. ती मध्येच उतरली तर "उतरलीस ते ठरवून उतरलीस ना?" एवढंच विचारा.

आता स्पर्श. या कलांमध्ये अंगाला हात लावावाच लागतो, त्यामुळे आधी स्वतःच्या अंगावर दाखवायचं, "माझा हात इथे येणार", मग विचारायचं, मग लावायचा. नाही म्हणाली तर तो प्रकार तिने नाही करायचा, कारण न विचारता. दोन मोठी माणसं हॉलमध्ये कायम, त्यातली एक बाई. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो कायद्याने (२०१२) कळवणं बंधनकारक आहे. "मंडळाची बदनामी" हे कारण कायद्याला माहीत नाही.

आणि मे महिन्यात पूर्ण बाहीचा शर्ट घालून येणारं, हात वर करायला नकार देणारं मूल. मनगटावर काप दिसले तर सगळ्यांसमोर विचारू नका, ओरडू नका, "कोणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. वर्गानंतर बाजूला, साध्या शब्दांत: "हातावर दिसलं. काळजी वाटली. कोणाशी बोलायचं ते आपण मिळून ठरवू." टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून चालू आहे, भिंतीवर लावा. पण जिवाला धोका वाटत असेल तर नंबर देऊन मोकळं व्हायचं नाही. पालकांपैकी विश्वासाचं माणूस त्याच दिवशी, आणि दवाखाना. हे करायची तयारी असलेला माणूस मंडळाकडे नसेल तर रकाना कोरा ठेवा आणि सुट्टीचा वर्ग चालवा, शंकासूर म्हणतात तसा.

शंकासूर

मनोमार्गताई, तुमच्या प्रतिसादाचा कागद करून मंडळाला द्या.

दुसरा आक्षेप मात्र उरतोच, आणि तो कोणी काढला नाही. गुजरातेत नट आणि बजाणिया समाजाची मुलं पिढ्यानपिढ्या दोरावर चालली. महाराष्ट्रात डोंबारी. त्यांच्या पोराने रस्त्यावर तोल सांभाळला की आपण दोन रुपये टाकतो. आपल्या पोराने एसी हॉलमध्ये सांभाळला की "आत्मविश्वास". सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घालायला सांगितलं, कारण तिथे मुलांचे हाल होत होते. म्हणजे दोरामुळे मन घडतं असं नाही. पोट भरलेलं असेल, संध्याकाळी घरी जाता येत असेल आणि "नको" म्हणता येत असेल, तर घडतं. हे तीनही असतील तर मुलगा कॅरम खेळूनही घडेल.

दांडियाबाजारकर

एसी हॉल नाही हो, पत्रा आहे. बाकी मुद्दा लागला. दोरावरचा तोल शिकवायला बजाणिया समाजातला उस्ताद बोलवावा, बाकी शिकवणाऱ्यांइतकंच मानधन देऊन, पत्रकावर नाव छापून. आणि १४ पैकी काही जागा वस्तीतल्या मुलांना बिनफीच्या. त्यांना वेगळी रांग नको.

कॅरमबद्दल मात्र नाही. कॅरममध्ये समोरच्याला हरवायचं असतं. मनोऱ्यात खालच्यावर येणारं वजन वरच्याला कळावं लागतं.

एरंडेल

मनोऱ्याचं नाव काढलंत म्हणून हिशेब घ्या, कारण दहीहंडी बघून सगळे शूर होतात. तीन-दोन-एक असा सहा जणांचा, गुडघ्यावरचा मनोरा. सगळी ५० किलोची धरा. वरच्याचं वजन मधल्या दोघांत निम्मं निम्मं जातं, तिथून खाली. खालच्या कडेच्या दोघांवर प्रत्येकी साडेसदतीस किलो, आणि मधल्यावर ७५. स्वतःच्या वजनाच्या दीडपट! म्हणून आधी दोन-एकच. तिथे खालच्यावर २५ येतात, ते कोणालाही झेपतं. वरच्याचा गुडघा कमरेच्या हाडावर, हाताचे तळवे खांद्याच्या हाडावर. कमरेच्या खोलगट भागात गुडघा गेला की खालचा तिथेच कण्हतो. खालच्याचे हात सरळ खांद्याखाली, कोपरं लॉक नाहीत. वर चढणारा मागून चढतो आणि मागेच उतरतो, पुढे उडी नाही. आणि खालच्या कोणीही "खाली" म्हटलं की वरचा लगेच उतरणार, का म्हणून विचारायचं नाही.

शिवाय "ही हलकी आहे, हिला वर घ्या" हे वाक्य वर्गात बंद. वर कोण ते चिठ्ठी टाकून किंवा पाळीने. तेरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात ते वाक्य वर्षभर राहतं आणि ती डबा परत आणते.

तीनचेंडू

काका, हे कॅनडावाल्यांच्याही वर्गात चालेल.

एकच राहिलं. मंडळाला गणपतीत स्टेजवर कार्यक्रम हवाय. माझा विरोध. तारीख ठरली की शिकवणारा शेवटचे आठ दिवस ज्यांना येतं त्यांच्यावरच घालवतो आणि बाकीची मुलं पताका धरून उभी राहतात. त्यापेक्षा शेवटच्या शनिवारी दार उघडं ठेवा. पालकांनी यावं आणि स्वतःच्या हातात तीन चेंडू घ्यावेत. मुलांनी शिकवावं. बापाचा चेंडू जमिनीवर पडलेला पाहणं ही त्या वयात मोठी गोष्ट असते.

दांडियाबाजारकर

मग मंडळ देणगीदारांना काय दाखवणार? गणपतीत दहा मिनिटं द्यावीच लागतील. ज्यांना नको त्यांच्यावर सक्ती नाही, एवढंच मान्य.

एरंडेल

दहा मिनिटांवर माझं तीनचेंडूशी जमतं, तुमच्याशी नाही. पण दोर मी देतो, सुती, जाड, तपासलेला. अट एक: तो पंख्याच्या हुकाला टांगायचा नाही. तो हूक पंख्यापुरता असतो, आणि ५० किलोचं पोर दोन फूट घसरून थांबलं की झटका वजनाच्या कितीतरी पट बसतो. आधी इंजिनियरला तुळई दाखवा. तोवर दोर जमिनीपासून फूटभर, दोन खांबांमध्ये, खाली गाद्या दोन्ही बाजूंना. फक्त मधोमध टाकलेल्या गादीचा उपयोग नाही, दोरावरून माणूस नेहमी बाजूला पडतो.