उत्तर: पाचशेची नोट खरी की खोटी?

वर एकांनी लिहिलंय की हिरवी पट्टी गांधीजींच्या चित्राजवळ असली तर पाचशेची नोट खोटी. कृपया हा मेसेज पुढे पाठवू नका. पट्टी चित्राजवळ असो की गव्हर्नरांच्या सहीजवळ, दोन्ही नोटा चालतात. केंद्र सरकारच्या पीआयबी या माहिती कार्यालयाने तसा खुलासा केलेला आहे. नंबरात तारा छापलेली नोटही खरीच, हे रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. अशा मेसेजमुळे ठाण्यात जांभळी नाक्यावर एका भाजीवाल्या मावशींनी चांगली नोट गिऱ्हाइकाला परत दिली, बोहनीच्या वेळी. फार वाईट वाटलं.

तपासायचंच असेल तर नोट तिरकी करा. पट्टीचा हिरवा रंग निळा दिसतो, उजवीकडे खालच्या ५०० आकड्याचाही. मग दोन्ही कडांवरून अंगठा फिरवा. नोट फार जुनी नसेल तर पाच-पाच उठावदार रेघा हाताला लागतात. वाशीच्या मार्केटात पहाटेच्या अंधुक उजेडातही हे जमतं. एकाच खुणेवर निकाल मात्र देऊ नका.

नोट खोटी निघाली तर 'पेट्रोल पंपावर खपवून टाका' हा सल्ला तर अजिबात नको. खोटी आहे हे माहीत असून नोट चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १७९ खाली गुन्हा आहे. बँकेत द्या. ती शिक्का मारून जप्त करतात, पैसे मिळत नाहीत, पण पोच मागून घ्या.

आणि यूपीआयवर पैसे घेताना पिन टाकावा लागतो का, असं विचारलंय म्हणून: पैसे घ्यायला पिन लागत नाही. कुणी टाकायला लावला आणि पैसे गेले, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.