कोसोवो देश आहे की नाही? ऑफिसातल्या एका प्रश्नाने दोघंही दुखावले

झुरिकवासी:
नमस्कार मंडळी. दीड वर्षापासून झुरिकला आहे. आमच्या टीममध्ये एक सर्ब आहे आणि एक कोसोवोची अल्बेनियन मुलगी, माझं दोघांशीही छान जमतं पण ते एकमेकांशी कामापुरतंच बोलतात. परवा जेवताना मी सहज बोलून गेलो की भारत कोसोवोला देश मानत नाही ना, झालं, दोघंही गप्प. नंतर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, ठराव १२४४ वाच. आणि ती संध्याकाळी निघताना म्हणाली, माझे काका ९९ पासून सापडलेले नाहीत. आता हे एकाच प्रश्नाचं उत्तर आहे का दोन वेगळ्या? कोणी नीट सांगेल का.

सांगलीकर:
दोन वेगळ्या प्रश्नांची. कोसोवो हा आधी सर्बियाचा प्रांत, वस्ती बहुतांश अल्बेनियन, आणि तुझा सर्ब मित्र त्याच्या मालकीबद्दल बोलतोय. १२४४ हा सुरक्षा परिषदेचा १० जून १९९९ चा ठराव, त्यात युगोस्लाव्हियाचं (सर्बिया तेव्हा त्याचाच भाग) सार्वभौमत्व मान्य केलंय पण कारभार दिला युनोकडे आणि बंदोबस्त नाटोच्या फौजेकडे. म्हणजे सातबारा सर्बियाची राजधानी बेलग्रेडच्या नावावर आणि वहिवाट दुसऱ्याची. मग १७ फेब्रुवारी २००८ ला प्रिश्तिनाने, म्हणजे कोसोवोच्या राजधानीने, स्वातंत्र्य जाहीर केलं, सर्बियाच्या आग्रहावरून विषय हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आणि २०१० मध्ये न्यायालय म्हणालं की ती घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध नव्हती. कोसोवो राष्ट्र आहे का यावर मात्र काहीच बोललं नाही, त्यामुळे दोघंही आपापल्या सोयीचं वाक्य घेऊन बसलेत. भारताने मान्यता दिलेली नाही, तशीच स्पेन, ग्रीस, रुमानिया, स्लोव्हाकिया, सायप्रस यांनीही नाही.

सर्बांचा जीव तिथे का अडकलाय तेही समजून घे. त्यांच्या चर्चचं पेचचं धर्मपीठ, देचानी आणि ग्राचानित्साचे मठ, तुर्कांविरुद्धची १३८९ ची लढाई, सगळं कोसोवोतलंच. हरलेली लढाई पिढ्यानपिढ्या उरात जपायची म्हणजे काय ते पानिपतामुळे आपल्याला वेगळं सांगायला नको. पण त्याच लढाईच्या ६०० व्या वर्षी सर्बियाचा नेता मिलोशेविचने तिथे लाखोंसमोर भाषण केलं, आणि कोसोवोला १९७४ च्या घटनेने मिळालेली स्वायत्तता त्याच वर्षी आधीच काढून घेतलेली होती. अल्बेनियन लोकांच्या नोकऱ्या गेल्या, शाळा घराघरांत भरायला लागल्या. त्यांचा नेता रुगोवा कितीतरी वर्षं अहिंसेच्या मार्गाने लढला, पण बोस्नियाचं युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारात कोसोवोसाठी काहीच नव्हतं आणि मग पोरांचा धीर सुटला, बंदुका आल्या.

मीरा_प:
मला त्या काकांबद्दल बोलायचंय कारण सगळी चर्चा सातबाऱ्यावर येऊन थांबते. ९९ च्या वसंतात, युद्धात, सर्बियाच्या पोलीस-लष्कराने आठ लाखांवर अल्बेनियन लोकांना सीमेपलीकडे हाकललं. एप्रिलमध्ये डॅन्यूब नदीत मृतदेहांनी भरलेला एक फ्रीजर ट्रक वर आला, आणि २००१ मध्ये बेलग्रेडजवळच्या बटायनित्साला, पोलिसांच्या प्रशिक्षण केंद्राच्या आवारात, ७०० हून जास्त मृतदेह पुरलेले सापडले. माणसं कोसोवोत मारली आणि पुरायला पार राजधानीजवळ आणली!! हे चिडलेल्या चार शिपायांचं काम नव्हे, वरून आदेश असल्याशिवाय होत नाही, आणि हेगच्या युगोस्लाव्हिया युद्धगुन्हे न्यायालयात बड्या पोलीस आणि लष्करी अधिकाऱ्यांना शिक्षाही झाल्या. मिलोशेविच मात्र २००६ मध्ये निकालाआधीच वारला.

रोखठोक:
ताई, मग नाटोचं काय? ९९ मध्ये युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बॉम्ब टाकले, सुरक्षा परिषदेची परवानगी नाही. बेलग्रेडच्या टीव्ही केंद्रात १६ कर्मचारी मेले. जूनमध्ये सर्बियाच्या फौजा कोसोवोतून निघाल्यावर तिथल्या सर्ब आणि रोमा (जिप्सी) लोकांना पळवून नेलं, मारलं, २००४ मध्ये सर्बांची चर्चं जाळली. त्यांच्यासाठी कोण रडलं?

मीरा_प:
बरोबर आहे तुमचं, आणि कोणी रडलं नाही हे मला मनापासून लागतं. टीव्ही केंद्रावरच्या हल्ल्यासाठी हेगला नाटोच्या एकाही माणसावर खटला नाही. अल्बेनियन बाजूचं म्हणाल तर त्यांच्या बंडखोर कोसोवो मुक्ती सेनेच्या गुन्ह्यांसाठी हेगला खास न्यायालय काढावं लागलं, तिथल्या खटल्यापायी त्या सेनेचा एकेकाळचा नेता थाचीने २०२० मध्ये कोसोवोचं राष्ट्राध्यक्षपद सोडलं. पण आकडा पाहा. १९९८ ते २००० मध्ये मेलेले आणि बेपत्ता मिळून साधारण १३,५००, त्यात अल्बेनियन १०,८०० च्या आसपास आणि सर्ब २,२००. ही मोजदाद बेलग्रेडमधल्याच एका संस्थेने नावानिशी केलीय. सर्बांचं दुःख खरं आहे पण ते बटायनित्सावर पांघरूण घालायला वापरू नये एवढंच माझं म्हणणं, आणि अल्बेनियन लोकांनीही आपल्याकडच्या गुन्हेगारांना नुसते हार घालू नयेत. अजून दीड हजारांवर माणसं सापडलेली नाहीत, त्यात दोन्हीकडची आहेत.

झुरिकवासी:
सगळ्यांचे आभार. आज तिला काकांचं नाव विचारलं, पहिल्यांदाच. तिच्या वडिलांनी डीएनएसाठी रक्ताचा नमुना कधीचा देऊन ठेवलाय, अजून फोन आलेला नाही. त्यालाही विचारलं, त्याची आजी जून ९९ मध्ये पेचजवळच्या गावातून ट्रॅक्टरवर बसून निघाली आणि घराची किल्ली शेवटपर्यंत उशाशी ठेवायची म्हणे. दोघांनी हे मला वेगवेगळं सांगितलं. एकमेकांना अजून नाही.