मदत हवी आहे: गाडीचा स्क्रीन चटका बसेल एवढा तापतोय

केळीवाला_रावेर: स्क्रीन भयंकर तापतो. काल जळगावला येताना मॅप काळा पडला, गाणी मात्र चालूच. कारण काय? लवकर सांगा, सोमवारी पुण्याला निघायचंय.

खान्देशी_भो: गाडी कोनती शे ते सांग ना भो पहिले. स्क्रीन कंपनीचा का बाहेरून टाकेल?

तापीकाठ: मे महिना आहे, तापणारच. काचांना काळी फिल्म लावा, मी लावलीय.

नियमवाला: काळ्या फिल्मवर सुप्रीम कोर्टाची 2012 पासून बंदी आहे. पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के, बाजूच्यांतून 50 टक्के उजेड आत यायलाच हवा.

तापीकाठ: मला आजवर कोणी अडवलं नाही.

केळीवाला_रावेर: फिल्मचं कोणी विचारलंय? स्क्रीन बाहेरून बसवलाय, नऊ इंची अँड्रॉइड.

वायरिंग_धुळे: उष्णता नुसती काचेची नसते. स्क्रीनच्या मागच्या डब्यात प्रोसेसर असतो, चार स्पीकरचा ॲम्प्लिफायर असतो, वर स्क्रीनमागचे एलईडी. ही सगळी उष्णता मागच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांतून बाहेर पडते. बसवणारे वायरींचा गुंता नेमका तिथंच कोंबतात. जास्त तापलं की काही युनिट स्क्रीन बंद करून स्वतःला वाचवतात, आवाज चालू राहतो. ब्राइटनेस फुल आहे का? रात्री तापतो का?

केळीवाला_रावेर: ब्राइटनेस फुलच, उन्हात दिसायला नको? रात्री शेडमध्ये गाडी बंद असते तरी कोमट लागतो. सकाळी कधी कधी सेल्फ घेत नाही, पण ते वेगळं, बॅटरी जुनी आहे.

वायरिंग_धुळे: वेगळं कसं? हे आधी सांगायचं ना! स्क्रीनची पिवळी वायर कायम चालू लाइनवर असते, लाल वायरीला चावी फिरवल्यावरच करंट यायला हवा. तुमच्या दोन्ही एकत्र जोडल्यात बहुतेक. युनिट रात्रभर जागं, बॅटरी खातंय.

खान्देशी_भो: स्लीप मोड असेल. सेटिंगमध्ये बंद कर.

वायरिंग_धुळे: स्लीपमध्ये करंट अगदी थोडा जातो, त्यानं डबा कोमट होत नाही. चावी काढून लाल वायरीला टेस्टर लावा. दिवा लागला तर तीच भानगड.

तापीकाठ: बॅटरीच बदला सरळ.

नियमवाला: पुण्याला कन्नड घाटातून जाणार का अजिंठ्यावरून?

केळीवाला_रावेर: टेस्टर लावला. दिवा लागतोय. आता ही लाल वायर नेमकी कुठं जोडू?

खान्देशी_भो: अजिंठ्यावरून जाय भो.