फोल्डिंग सायकल: मागच्या तारा तुटताहेत, फ्रेमचा घडीचा मधला जोड वाजतोय. मदत हवी आहे

स्टील फ्रेम, २० इंची चाकं, ७ गिअर. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतून मंगळवार पेठेत रोज मागच्या कॅरियरवर २५-३० किलो माल येतो. मागच्या चाकाला १४ गेजच्या ३६ तारा आहेत. फ्रीव्हीलच्या (मागच्या दातेरी चक्रांच्या) बाजूची तार हबपाशी (चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी) वाकते तिथंच तुटते; एक बदलली की शेजारची जाते. पुढचा ब्रेक दाबला की मधला जोड कट् वाजतो. १३ गेजच्या, म्हणजे जाड, तारा घालू का? जोड वेल्डिंग करून बंद केला तर?

प्रतिसाद १
वेल्डिंग नको. जोड किंचित जरी तिरका बसला तरी दोन्ही चाकं एका रेषेत राहत नाहीत, आणि वेल्डच्या कडेला पुढं तडा जातो.

तारा वजनानं कमी, ढिलेपणानं जास्त तुटतात. चाकाच्या प्रत्येक फेरीत खालच्या तारांवरचा ताण उतरतो. तार मुळातच ढिली असेल तर ती पूर्ण सैल पडून वाकापाशी हलते आणि धातू थकतो. शेजारणींनीही तेवढंच सोसलेलं असतं, म्हणून एकेक बदलून भागत नाही. त्या बाजूच्या अठराही तारा नव्या घाला. फ्रीव्हील त्याच्या रिमूव्हरनं काढल्याशिवाय त्या आत जाणार नाहीत. लांबी सबंध तारेवरून घ्या, वाकाच्या आतून आट्यांच्या टोकापर्यंत. दुसऱ्या बाजूची तार मापाला चालत नाही, ती थोडी लांब असते. निपलला (तारेच्या रिमकडच्या टोकाच्या नटाला) तेल लावा, अर्धा-अर्धा फेरा देत सगळ्या सारख्या ताणा. एका बाजूच्या तारा छेडल्यावर आवाज जवळपास सारखा यायला हवा. मग समांतर तारांच्या जोड्या हातानं जोरात दाबा आणि चाकाचा आउट (डुगडुग) पुन्हा काढा. ही दाबणी बहुतेक जण वगळतात आणि ताण आठवड्यात उतरतो.

१४ गेज नीट ताणलेली असेल तर पुरते. १३ घ्यायचीच तर निपलही १३ चेच लागतात, आणि हबच्या भोकात तार न ठोकता जायला हवी.

कॅरियरवर ठोकलेला किलोचा आकडा बघा. २५ असेल तर ३० भरू नका. माल धुऱ्याच्या मागं लटकू देऊ नका.

प्रतिसाद २
आवाज जोडाचाच आहे का, आधी ते तपासा. पुढचा ब्रेक धरून सायकल पुढं-मागं हलवा आणि बोट आधी हँडलच्या बॉल रेसवर (हँडलचा दांडा फ्रेममध्ये फिरतो तिथल्या छर्‍यांच्या बेअरिंगवर), मग जोडाच्या फटीवर ठेवा. कित्येकदा रेसच ढिली निघते. फट खटक्याच्या (जोड बंद करणाऱ्या कडीच्या) बाजूला उघडत असेल तर लॉकनट सोडून खटक्याचा ॲडजस्टर स्क्रू पाव फेरा आवळा. खटका अर्ध्यावर आल्यावर जड लागावा आणि तळहाताच्या जोरानं बंद व्हावा. त्याहून घट्ट केला तर खटकाच चिरतो.

धागाकर्ता
रेस ठीक आहे. फट पिनेच्या (बिजागरीच्या) बाजूला उघडते.

प्रतिसाद २
मग पीन किंवा बुश (पीन ज्यात फिरते ती नळी) झिजलंय. पीन काढून मधोमध आणि टोकाला व्हर्नियरनं मोजा. फरक लागला तर उद्यमनगरात लेथवर नवी पीन आणि पितळी बुश करून घ्या. नमुन्याला जुनी पीन आणि जोडाचे दोन्ही भाग सोबत न्या, नुसतं माप सांगू नका. जोड उघडाच आहे तर वेल्डची कड रॉकेलनं पुसून रंगात केसासारखी रेघ दिसते का बघा. दिसली तर माल वाहणं आजच थांबवा.