मदत हवी आहे: फियाट ११०० डी साठी चांगल्या स्थितीतला जुना इंजिन ब्लॉक (बेळगाव, खानापूर, निपाणी भाग)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी १९७० ची फियाट ११०० डी आहे. लोक डुक्कर फियाट म्हणतात ती नव्हे, तिच्या नंतरची, पुढे जिची प्रीमियर पद्मिनी झाली ती. गियर स्टेअरिंगला आहेत. वडिलांनी घेतली तेव्हा आपल्या राज्याचं नाव म्हैसूर होतं आणि आरसी बुकावर अजून तोच जुना नंबर आहे. खानापूरच्या पावसाने तळाचा पत्रा खाल्ला होता, तो बदलून झाला. वायरिंग नवीन केलं, ब्रेकचं काम झालं. इंजिन खोललं आणि सगळं तिथं येऊन अडलंय.

या इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य ओतीव भाग) बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. मूळ बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ७५, म्हणजे १०८९ सीसी. आमचा बोअर मोजला तर ६९ च्या किंचित वर भरला. याचा अर्थ पूर्वी केव्हातरी चाळीस ओव्हरचे (मूळ मापाहून चाळीस हजारांश इंच, म्हणजे साधारण एक मिमी मोठे) पिस्टन पडून गेलेत आणि आता परत बोअरिंग करायला भिंतीत मांस उरलेलं नाही. तरी चारी सिलिंडरला स्लीव्ह (आत बसवायची नळी) टाकून काम चाललं असतं. पण तिसऱ्या सिलिंडरच्या तोंडापाशी काळी रेघ दिसली. मिस्त्रीने वरची बाजू घासून स्वच्छ केली, रॉकेल फासलं, थोडा वेळ मुरू दिलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड लावली. बघता बघता पांढऱ्या पुडीत ओली रेघ उमटली: सिलिंडरच्या कडेपासून निघून थेट हेडच्या स्टडच्या भोकापर्यंत. स्लीव्हने बोअरमधला तडा झाकला जातो हे मान्य, पण स्टड आवळला की ही भेग पुन्हा उघडणार. बेळगावच्या उद्यमबागेतल्या बोरिंगवाल्यांचंही तेच म्हणणं पडलं.

बेळगावात फौंड्र्या आहेत, बिडाचं काम जाणणारी माणसं आहेत, मग नवीनच ओतून घ्या, असं दोघातिघांनी सुचवलं. ओतणारे मिळतील हो. पण एका ब्लॉकसाठी पॅटर्न (ओतकामाचा नमुना) बनवायचा, पाण्याच्या जॅकेटचे (सिलिंडरभोवतीच्या पोकळीचे) कोअर बनवायचे आणि मग सगळं मशिनिंग करायचं, हा खर्च एका गाडीसाठी कुणालाच झेपणार नाही. म्हणून जुना पण निकोप ब्लॉक शोधायलोय.

नुसता ब्लॉक मिळाला तरी पुरे, मात्र त्याच्या तिन्ही मेन बेअरिंग कॅप (क्रँकशाफ्टला ब्लॉकशी धरून ठेवणारे तुकडे) त्याच्याच हव्यात. हे मी मुद्दाम ठासून लिहितोय. कारखान्यात कॅप ब्लॉकला आवळून मग एका दमात सरळ बोअर केलेल्या असतात. दुसऱ्या ब्लॉकच्या कॅप लावल्या की क्रँकची रेषा जाते, बेअरिंग एका बाजूने घासतं किंवा क्रँक हाताने फिरतच नाही. एका विक्रेत्याने फोटो पाठवले, वाहतुकीचे पैसे घेतले, आणि ब्लॉक आला तेव्हा कॅपवर दोन वेगळ्या जातीचे पंच मार्क होते. ब्लॉक परत पाठवला. पैशाचं जाऊ दे, मधे अख्खा हंगाम गेला याचं वाईट वाटतं.

बोअर स्टँडर्ड असेल तर सोन्याहून पिवळं, वीस ओव्हरपर्यंतही घेईन. स्लीव्ह पडलेला शक्यतो नको. इंजिन नंबर वाचता आला पाहिजे. नंबर घासलेला माल फुकट दिला तरी नको.

उद्यमबाग, ऑटो नगर, कोल्हापूरचं उद्यमनगर, हुबळीच्या गुजऱ्या (जुन्या मालाचे बाजार) असं सगळीकडे विचारून झालंय. "होते की, पण किलोवर गेले" हेच उत्तर येतं. मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, त्यामुळे कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे माल असेल असं म्हणतात. पण टॅक्सीचा ब्लॉक आयुष्यभर दिवसरात्र पळालेला. घरगुती गाडीचा मिळाला तर मन निश्चिंत राहील.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नंतरच्या पद्मिनीचा ब्लॉक आमच्या ११०० डी ला बसतो का? आणि गाडीला ५० वर्षं होऊन गेली आहेत, तर व्हिंटेज नोंदणीच्या वेळी ब्लॉक बदलल्याचा अडथळा येतो का? वडील ८० च्या पुढे आहेत. त्यांना याच गाडीतून खानापूरहून बेळगावला न्यायचंय, म्हणून घाई आहे.

---

प्रतिसाद (कोल्हापूर)

माझं बोरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं वर्कशॉप आहे. फियाटची इंजिनं वडिलांच्या काळापासून येतात, आता कमी झाली.

पद्मिनीचं पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचंच, बोअर-स्ट्रोक तोच. पण ब्लॉक आणल्या आणल्या मशिनवर चढवू नका. आधी तुमच्या गाडीचं टायमिंग कव्हर, सम्प, माउंटिंग आणि गिअरबॉक्सचं बेल हाउसिंग नुसतं लावून बघा. सगळी भोकं जुळली की मगच बोअरिंगचा खर्च. आणि "प्रीमियरचं इंजिन आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. पद्मिनी १३७ डी ही डिझेल, तिचं इंजिनच निराळं. ११८ एनई मध्ये निस्सानचं इंजिन होतं. दोन्ही तुमच्या कामाची नाहीत.

बघायला जाल तेव्हा वरचा माथा घासून चकचकीत करा. स्लीव्ह पडली असेल तर प्रत्येक बोअरभोवती केसाएवढी बारीक गोल रेघ दिसते. मग बोअरच्या वरच्या कडेला आतून नख फिरवा. नख अडखळलं तर तिथं कंगोरा आहे, म्हणजे रिंगांनी खाली भिंत खाल्लीय. बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं मोजा. गंजाचे काळे डाग होनिंगला (दगडाने हलकं घासल्यावर) निघतात, पण नख ज्यात अडकतं असा खड्डा बोअरिंगशिवाय जात नाही. खड्डा किती खोल आहे त्यावर तीस की चाळीस हे ठरतं.

मेन कॅप खोलून आतली बाजू बघा. एखादी निळी-जांभळी पडली असेल तर तिथं बेअरिंग फिरलेलं आहे, तो ब्लॉक सोडून द्या. वेल्च प्लग (ब्लॉकच्या बाजूच्या भोकांवरची पत्र्याची बुचं) काढायला मालक तयार असेल तर काढाच. अॅल्युमिनियम हेड असलेल्या इंजिनात कूलंट न घालता वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी घातलं की जॅकेटमध्ये गाळ साठतो आणि मागच्या सिलिंडरभोवती भिंत पातळ होते. स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघितलं तरी अंदाज येतो. खात्री हवी असेल तर ब्लॉक माझ्याकडे आणा, वर प्लेट आणि रबर लावून गरम पाण्यात हवेच्या दाबावर तपासून देतो.

अजून एक. उघडा पडलेला ब्लॉक घेण्यापेक्षा हेडसकट जाम झालेलं पूर्ण इंजिन बरं. हेड आणि प्लग जागच्या जागी असले की बोअरला पाऊस लागत नाही. पिस्टन जाम असले तरी ते फोडून काढता येतात, भिंत वाचते.

---

प्रतिसाद (निपाणी)

ओ दादा, आमच्या मामांच्या तंबाखूच्या वखारीत एक पद्मिनीचं इंजिन पडलंय की. गाडी मामांचीच होती, दुसऱ्या कुणी चालवलेली न्हाई. बॉडी सडली म्हणून विकून टाकली आणि इंजिन ठेवून घेतलं. हेड बसलेलं हाय, कार्ब्युरेटर न्हाई. फिरतंय का बघितलेलं न्हाई. वखार कोरडी हाय, पावसाचं पाणी लागलेलं न्हाई एवढं मी सांगू शकतो. मामांना विचारलं तर ते म्हणाले, भंगारात घालणाऱ्याला देणार न्हाई, गाडीत बसवणार असतील तर या म्हणावं. उद्या ब्लॉकशेजारी त्या दिवशीचा पेपर ठेवून फोटो काढून टाकतो, नंबरचा पण वेगळा काढतो. अॅडव्हान्स बिडव्हान्स काय नको, येऊन बघा आधी.

---

प्रतिसाद (धारवाड)

नोंदणीबद्दल लिहिते. केंद्राने २०२१ च्या जुलैमध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, आणि मूळ रूपात जपलेली, ही अट. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा असं त्यात लिहिलंय. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, म्हणजे तुमचा म्हैसूरच्या काळातला नंबर जाणार नाही. पण व्हिंटेज म्हणून नोंदली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. वडिलांना अधूनमधून बेळगावला न्यायचं असेल तर आधी याचा विचार करा. तुमच्यासाठी साधी आरसी नूतनीकरण करून चालू ठेवणं जास्त सोयीचं, असं मला वाटतं.

ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, आणि आरसीवर जुना नंबर राहिला तर फिटनेसला अडकाल. विमा कंपनीही दावा नाकारू शकते. त्यामुळे निपाणीच्या मामांकडून साध्या कागदावर का होईना, विक्रीची पावती घ्या. त्यात इंजिन नंबर, त्यांच्या जुन्या गाडीचा नंबर आणि दोघांच्या सह्या हव्यात. जमलं तर त्यांच्या जुन्या आरसीची झेरॉक्सही. मग आरटीओत अर्ज करताना दोन्ही नंबर लिहा आणि त्याच जातीचं, तेवढ्याच सीसीचं इंजिन घातलंय हे स्पष्ट मांडा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

आणि तुमचा तडा गेलेला ब्लॉक कृपा करून भंगारात घालू नका. गाडीबरोबर जन्मलेला नंबर त्याच्यावर आहे. बिडाला धातूच्या पिना ठोकून शिवणारे कारागीर आहेत. आज ना उद्या तो दुरुस्त होऊ शकेल.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. निपाणीचे फोटो बघितले. नंबर स्वच्छ वाचता येतो, हेडच्या नटांवर जुना रंग तसाच आहे, म्हणजे बऱ्याच वर्षांत कुणी खोललेलं दिसत नाही. फोटो बघून वडील खुर्चीत सरळ बसले आणि पहिला प्रश्न विचारला तो डिस्ट्रिब्युटर त्याच इंजिनावर आहे का. आहे.

धारवाडच्या ताईंचं म्हणणं पटलं. व्हिंटेजच्या भानगडीत आत्ता पडत नाही, आरसी नूतनीकरण आणि नवीन इंजिन नंबराची नोंद एवढंच करून घेतो. जुना ब्लॉक आतून-बाहेरून तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवणार.

येत्या रविवारी मिस्त्रींना घेऊन निपाणीला जातोय. स्ट्रेट एज, फीलर गेज, खडू-रॉकेल सोबत आहे. बोअर गेज मात्र आमच्याकडे नाही आणि हेड तिथंच उतरवून मोजायची मामांनी परवानगी दिलीय. निपाणी किंवा संकेश्वरमध्ये रविवारी अर्ध्या दिवसासाठी कुणी बोअर गेज देईल का? डिपॉझिट ठेवतो, संध्याकाळी स्वतः आणून देतो. तिथून इंजिन पसंत पडलं तर तसंच टेम्पोत घालून कोल्हापूरला आपल्या वर्कशॉपवर आणायचा विचार आहे. दादा, सोमवारी सकाळी आणलं तर चालेल का, तेवढं कळवा.