मदत हवी आहे: बीपीच्या गोळ्या, राहिलेला डोस आणि सोबत पेनकिलर

प्रश्न

वडील, वय ६८. रोज सकाळी टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५ यांची एकत्र गोळी, शिवाय मेटोप्रोलोल एक्सएल २५. मधुमेह नाही. सध्या घरच्या मशीनवर बीपी ११८/७४ च्या आसपास असतं, म्हणून "आता मेटोप्रोलोल तरी बंद करतो" असं ते म्हणतात. हे चालेल का? एखादा दिवस गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का? गुडघे दुखले की डायक्लोफेनॅक घेतात, त्याचं काय? आणि गोळ्या सकाळी बऱ्या की रात्री? जाणकारांनी कृपया नीट सांगावं.

प्रतिसाद १

११८/७४ हा आकडा गोळ्या चालू असतानाचा आहे. बीपी आटोक्यात आहे म्हणजे औषध काम करतंय. आजार गेला, असा त्याचा अर्थ नाही. चक्कर येत नसेल, थकवा नसेल, तर या आकड्यावरून औषध कमी करण्यासारखं काहीच नाही.

मेटोप्रोलोल तर अजिबात एकदम बंद करू नका. ती बीटा ब्लॉकर गटातली आहे. असं औषध रोज घेतल्यावर हृदयावरची अ‍ॅड्रेनलिनची ग्रहणकेंद्रं दबलेली राहतात आणि शरीर ती वाढवून ठेवतं. गोळी अचानक थांबली की ती सगळी एकदम मोकळी होतात. मग धडधड, बीपीची उसळी, आणि हृदयाच्या धमन्यांत अडथळा असेल तर छातीत दुखणं किंवा हार्ट अ‍ॅटॅकसुद्धा. बंद करायचीच ठरली तर डॉक्टर साधारण १ ते २ आठवड्यांत मात्रा उतरवत नेतात. क्लोनिडिन या बीपीच्या दुसऱ्या औषधाचंही असंच, किंबहुना त्याची उसळी जास्त वाईट. शिवाय मेटोप्रोलोल केवळ बीपीसाठीच दिली असेल असं नाही. नाडीची अनियमितता, जुना हृदयविकार, असं काही कारण असू शकतं. ती का दिली आहे, हे आधी विचारून घ्या.

एक्सएल गोळी चावायची किंवा कुटायची नाही. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध तसं केल्यास एकदम रक्तात जातं. मोडायची वेळ आली तर गोळीवर रेघ असेल आणि फार्मासिस्टनं हो म्हटलं तरच.

राहिलेल्या डोसचं उत्तर सोपं आहे: त्याच दिवशी आठवलं तर घ्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम कधीच नाही. अम्लोडिपिन रक्तातून अर्धं व्हायला ३० ते ५० तास लागतात, त्यामुळे तिचा एखादा डोस राहिला तरी लगेच फार बिघडत नाही. दुप्पट घेतली तर मात्र बीपी खूप उतरून माणूस उठता-उठता पडू शकतो. या वयात पडणं महागात जातं.

सकाळ की रात्र, यावर बराच वाद झाला. ब्रिटनमधल्या २१ हजारांहून जास्त रुग्णांवरच्या 'टाइम' चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले: हार्ट अ‍ॅटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू या बाबतीत दोन्ही वेळांत फरक आढळला नाही. तेव्हा जी वेळ चुकत नाही ती चांगली. लघवी वाढवणारी गोळी असेल तर मात्र सकाळीच, नाहीतर रात्री वारंवार उठावं लागतं.

एक बारीक गोष्ट. टेल्मिसार्टन दमट हवेत पाणी शोषून घेते. आठवड्याच्या डबीत सुटी काढून ठेवू नका. स्ट्रिप कात्रीनं कापून गोळी तिच्या फॉइलसकट डबीत ठेवा आणि घ्यायच्या वेळीच फोडा.

प्रतिसाद २

डायक्लोफेनॅकवर सविस्तर लिहितो, कारण या यादीतली सगळ्यात धोकादायक गोष्ट तीच वाटते.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन या गोळ्या शरीरात मीठ-पाणी अडवतात, बीपी वाढवतात आणि टेल्मिसार्टनसारख्या औषधाचा परिणाम बोथट करतात. मूत्रपिंडावरचा ताण त्याहून गंभीर. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी बारीक नळी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातली रसायनं करतात, आणि पेनकिलर तेच बंद करते. गाळणीतून बाहेर जाणारी नळी टेल्मिसार्टनमुळे सैल झालेली असते. आत येणारं रक्त कमी, बाहेरची वाट मोकळी, म्हणजे गाळणीतला दाब पडतो. त्यात लघवीची गोळी किंवा जुलाबामुळे पाणी कमी झालं की क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट गाळत नसेल तर रक्तात साठणारं द्रव्य) झपाट्यानं वाढू शकतं, पोटॅशियमही चढतं. वडिलांच्या यादीत लघवीची गोळी दिसत नाही, पण एकत्र गोळ्यांत ती लपलेली असते. ब्रँडचं नाव नको, खाली बारीक अक्षरात लिहिलेले घटक वाचा. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथालिडोन लिहिलंय का बघा. दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या ब्रँडखाली एकच औषध दिलं असेल तर तेही तिथंच सापडतं.

गुडघ्यासाठी वरून लावायचं जेल आणि पॅरासिटामोल हे पर्याय डॉक्टरांना विचारा. जेलमधलं औषध रक्तात बरंच कमी उतरतं. पाण्यात फसफसणाऱ्या पॅरासिटामोलमध्ये सोडियम भरपूर असतं, ती टाळा.

सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन किंवा फेनिलेफ्रिन असेल तर बीपी चढू शकतं. ज्येष्ठमधाचा काढा रोज घेतला तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम घटतं. 'कमी सोडियमचं मीठ' म्हणजे बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड. टेल्मिसार्टन चालू असताना विचारल्याशिवाय नको.

क्रिएटिनिन आणि पोटॅशियम शेवटचं कधी तपासलं? टेल्मिसार्टन सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर १ ते २ आठवड्यांत ही तपासणी करतात.

मूळ प्रश्नकर्ती

खूप आभार. तपासणी करून बराच काळ झालाय, आता करून घेते. आणखी दोन गोष्टी: संध्याकाळी दोन्ही घोट्यांना सूज असते. आणि मशीनवर लागोपाठ घेतलं तर दर वेळी आकडा वेगळा येतो.

प्रतिसाद १

दोन्ही घोट्यांची सूज बहुधा अम्लोडिपिनची. ती बारीक धमन्या सैल करते आणि पाणी ऊतींत झिरपतं. त्यावर स्वतःहून लघवीची गोळी घेऊ नका, या सुजेला तिचा फारसा उपयोग होत नाही. डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात. सूज एकाच पायाला असेल, दुखत असेल किंवा सोबत दम लागत असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

मशीनचं म्हणाल तर आकडे थोडे हलणारच. आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, चालणं नको. लघवी करून यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून ५ मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर हृदयाच्या पातळीत, खालची कड कोपराच्या घडीपासून २-३ सेंटीमीटर वर. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटा चढा येतो. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं ७ दिवस लिहा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ही सरासरी १३५/८५ च्या खाली हवी. एकदा उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनीही मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं पडत असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

प्रतिसाद २

आणखी थोडं. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, पाणी पोटात टिकत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी काही दिवस थांबवायची का, ते ते ठरवतील.

आकडा १८०/१२० च्या वर आला आणि छातीत दुखणं, दम, एका बाजूला अशक्तपणा, बोलणं अडखळणं किंवा दिसेनासं होणं यातलं काहीही असलं तर थेट इमर्जन्सी. लक्षण नसेल तर ५ मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तितकाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. जादा गोळी नको. निफेडिपिन या बीपीच्या औषधाची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची जुनी पद्धत तर मुळीच नको. बीपी इतक्या झपाट्यानं कोसळतं की मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

भेटीला जाताना ७ दिवसांची वही आणि सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स न्या, डायक्लोफेनॅकची धरून.