ट्रस रॉडला हात लावण्याआधी

जुन्या बेस गिटारच्या तारा खणखणतात, काय करू आणि वाजवायला कसं शिकू, असा प्रश्न इथे आलाय. त्यावर दोघांनी ट्रस रॉड (नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याच्या आतली, तिचा बाक ठरवणारी धातूची सळई) आवळायला सांगितलंय. कृपया लगेच आवळू नका! आधी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी बघा. तिथे तार फ्रेटला टेकलेली असेल तर नेक आधीच जास्त सरळ किंवा मागे वाकलेली आहे. मग रॉड सैल करायचा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट पुरते. रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवा, आणि लगेच पुन्हा सूर लावून तपासा. खणखण फक्त वरच्या, म्हणजे बॉडीकडच्या फ्रेट्सवर असेल तर ब्रिजचे सॅडल (बॉडीवर तारा ज्यांवर टेकतात ते छोटे आधार) थोडे उचला. नॉब फिरवताना खरखर येते ती बहुतेकदा धुळीची, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते.

शिकण्याबद्दल: तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून वापरा, मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर. पण खरी मेहनत न वाजणाऱ्या तारा गप्प ठेवण्यात आहे. ए तार वाजवताना अंगठा शेजारच्या जाड ई तारेवर टेकवून ठेवा, आवाज लगेच स्वच्छ होतो. वेग नंतर येतोच. बेसवादक जेम्स जेमरसन यांनी मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाण्यांचा बेस एकट्या तर्जनीने वाजवलाय.